जांभळाच्या बीची परीक्षा

मे महिना सरत आला की बदलापूर स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बायांभोवती गर्दी व्हायला लागते. पानांचे द्रोण आणि त्यात काळीभोर, टपोरी जांभळं. पाऊस एकदा चांगला लागला की हंगाम आटोपतो, त्यामुळे खाणाऱ्यांना घाई असते. या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ‘बदलापूरचं जांभूळ’ हे नाव सरकारदरबारी नोंदलं गेलं आहे. या भागात जांभूळ नावाचं गावही आहे. 

जांभूळ खाऊन संपतं, बी मात्र बऱ्याच घरांत टाकली जात नाही. ती धुऊन उन्हात कडकडीत वाळवतात, वरचं पातळ टरफल चोळून काढतात, आतला गर खलबत्त्यात फोडून मिक्सरवर फिरवतात. चाळून निघालेली पूड जिभेवर ठेवली की अशी तुरट लागते की तोंड आखडतं. रोज सकाळी अनशापोटी एक चमचा पूड आणि वर पाणी. बरणी वर्षभर पुरवायची. ज्यांना हा खटाटोप जमत नाही त्यांच्यासाठी अंबरनाथ-उल्हासनगरच्या दुकानांत तयार पाकिटं असतात, कारलं-जांभळाच्या रसाच्या बाटल्याही असतात.

हे सगळं कशासाठी, तर ‘शुगर’साठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब तर ३५.५ टक्के लोकांना. पहाटेची लोकल, दिवसभर खुर्ची, रात्री दहाला जेवण हा ज्या शहरांचा दिनक्रम आहे, तिथे हे आकडे कुणाला परके वाटणार नाहीत.

“मावशी, गोळ्यांशिवाय दुसरं काही घेताय का?”

“नाही हो डॉक्टर. बियांची पूड तेवढी घेते, पण ते काही औषध नाही.”

अशा धर्तीचं बोलणं या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येईल. उत्तर प्रामाणिक असतं, पण त्यात एक गाठ आहे. पूड औषध नाही म्हणून डॉक्टरांना सांगायची गरज वाटत नाही. आणि तिने साखर उतरेल म्हणून ती रोज नेमाने घेतली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. जो पदार्थ रक्तातली साखर खाली आणू शकतो तो औषधच आहे, मग तो मिक्सरमधून निघालेला असो की अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या औषध कारखान्यातून. आणि औषध म्हटलं की काही प्रश्न विचारावेच लागतात. गुण येतो का? किती येतो? कुणाला येतो? आणि अपाय काय होतो?

जांभळाला हे प्रश्न विचारायला सुरुवात होऊन बराच काळ लोटला आहे. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहाचे पन्नास गट दिले आहेत. त्यातला एक गट मूत्रसंग्रहणीय, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त होणारी लघवी आवरणाऱ्या द्रव्यांचा. त्यात जांभूळ आहे. आंबा, वड, उंबर आणि पिंपळही आहेत. सतत लघवीला होणं ही मधुमेह्याची नेहमीची तक्रार. तेव्हा रक्तातली साखर मोजायची सोय नव्हती, लक्षण दिसत होतं आणि त्या लक्षणावर वैद्यांनी तुरट द्रव्यं योजली. त्या काळाच्या साधनांनी केलेलं ते बारकाईचं निरीक्षण होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बी युरोपात पोचली. जर्मनीत ग्रेझर नावाच्या संशोधकाने कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्र्यांना फ्लोरिझिन हे द्रव्य दिलं की त्यांच्या लघवीतून साखर जाऊ लागे. या कृत्रिम मधुमेहावर त्याने जांभळाचा अर्क देऊन पाहिला आणि साखर कमी झाल्याचं नोंदवलं. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण पुढची गोष्ट जांभळापेक्षाही विलक्षण आहे. फ्लोरिझिन हे सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळं केलेलं द्रव्य. त्याच्यामुळे मूत्रपिंड साखर परत रक्तात न घेता बाहेर सोडून देतं. त्या काळात ते कुत्र्याला ‘मधुमेही’ करायला वापरलं जात होतं. शंभराहून अधिक वर्षांनी संशोधकांनी हाच गुण उलट बाजूने पाहिला: रक्तात साखर जास्त असेल तर ती लघवीवाटे काढून टाकता येईल की! त्याच रेणूच्या बांधणीवरून डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घडल्या, आणि आज त्या मधुमेहाबरोबर हृदयाच्या नि मूत्रपिंडाच्या रोगांतही दिल्या जातात.

जांभळाच्या वाट्याला असं भाग्य आलं नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि युरोप-अमेरिकेचं लक्ष वनस्पतींवरून उडालं. भारतात मात्र प्रयोग चालूच राहिले. प्रयोगशाळेत बियांच्या अर्काने पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना अडवून दाखवलं. उंदरांमध्येही साखर उतरली, आणि असे निबंध आजवर ढिगाने निघाले आहेत. मात्र उंदरावरचा निकाल माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. अशा बहुतेक प्रयोगांत अ‍ॅलोक्झान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या, इन्सुलिन तयार होत असूनही ते पुरेसं काम करत नाही अशा माणसाचा मधुमेह वेगळा. शिवाय उंदराला वजनाच्या हिशेबाने दिलेली मात्रा माणसाला लावली तर चमचाभर पुडीने भागायचं नाही.

मग माणसांवर काय दिसलं? सगळ्यात नेटकी तपासणी झाली ती ब्राझीलमध्ये. जांभळाचं झाड आपल्याकडून तिकडे गेलं आणि रुजलं. पोर्तो अलेग्री शहरात मधुमेही लोक जांभळाच्या पानांचा चहा पितात, हे पाहून क्लाउदियो तेशेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावायचं ठरवलं. त्यांच्या शेवटच्या चाचणीत २७ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला जांभळाच्या पानांचा खरा चहा आणि गोळी मात्र खोटी, म्हणजे औषध नसलेली. दुसऱ्याला चहा खोटा आणि गोळी खरी, ग्लायब्युराइडची. आपल्याकडे तीच ग्लिबेनक्लामाइड म्हणून ओळखली जाते. तिसऱ्याला दोन्ही खोटं. प्रत्येक जण चहाही पीत होता, गोळीही घेत होता. खरं काय आणि खोटं काय हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २८ दिवसांनी साखर मोजली. गोळीवाल्यांची उतरली. जांभळाच्या चहावाल्यांची जिथल्या तिथे राहिली, अगदी दोन्ही खोटं घेणाऱ्यांसारखी.

या निकालावरून जांभळाला निकालात काढणं घाईचं होईल. ती पानं होती, बी नव्हती. रुग्ण थोडे, मुदत चार आठवड्यांची. बियांची तपासणी अलीकडे राजस्थानातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात झाली. तिथे रोज १० ग्रॅम पूड तीन महिने दिली आणि उपाशीपोटीची साखर घटल्याचं नोंदवलं गेलं. १० ग्रॅम म्हणजे घरातले तीन-चार चहाचे चमचे. निकाल आशा वाढवणारा आहे, पण अशा छोट्या चाचण्या वेगवेगळ्या ठिकाणी, मोठ्या संख्येवर आणि वर्षभर करून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर भार टाकता येत नाही. आजच्या पुराव्यावर एवढं म्हणता येतं: बीमध्ये थोडाफार गुण असण्याची शक्यता आहे, चालू गोळी बंद करण्याइतका तो मोठा असल्याचं कुणीही दाखवलेलं नाही.

तरीही ‘मला गुण आला’ असं सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात आणि ती खोटं बोलत नसतात. पूड कधी सुरू होते याकडे पाहिलं की उलगडा होतो. रिपोर्टमध्ये २८० चा आकडा आला, घरात सगळे घाबरले, त्या दिवशी बरणी उघडली जाते. पण त्याच दिवशी चहातली साखर बंद होते, रात्रीचा भात कमी होतो, दुसऱ्या सकाळी चालायला जाणं सुरू होतं. शिवाय रक्तातली साखर रोज वरखाली होते. सगळ्यात वाईट आकड्याच्या दिवशी उपाय सुरू केला तर पुढचा आकडा आपोआपच थोडा खाली यायची शक्यता जास्त. महिन्याभराने २०० आले की श्रेय मिळतं पुडीला. म्हणूनच चाचणीत दुसरा गट लागतो: तोही घाबरलेला, तोही चालणारा, तोही भात कमी करणारा, फक्त पुडीच्या जागी तशीच दिसणारी पण निर्गुण पूड खाणारा. दोन गटांतला जो फरक उरेल तेवढाच पुडीचा.

आणि मोजायचं असेल तर एचबीए१सी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. त्यामुळे ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते; तपासणीच्या आदल्या दिवशी केलेला उपास तिला फसवू शकत नाही.

वनस्पतीला असे प्रश्न विचारले की ती नापासच होते, अशी एक समजूत दोन्ही बाजूंना आहे. आयुर्वेदाचे अभिमानी म्हणून चाचणीला बिचकतात आणि काही डॉक्टर म्हणून झाडपाल्याकडे बघतच नाहीत. ही समजूत खोटी ठरवणारं काम या भागापासून लोकलने तासा-दीड तासावर, परळच्या केईएम रुग्णालयात झालं. डॉ. रुस्तम जाल वकील हे तिथले हृदयरोगतज्ज्ञ. १९४०च्या दशकात रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. मीठ तोडा, विश्रांती घ्या, नाहीतर नसा कापण्याची शस्त्रक्रिया करा, एवढेच मार्ग. आपल्याकडे सर्पगंधेचं मूळ वेडावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिने रक्तदाब उतरतो असं लिहिलं होतं. डॉ. वकिलांनी ती आपल्या रुग्णांना दिली, औषधाआधीचे नि नंतरचे आकडे टिपून ठेवले आणि ५० रुग्णांचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला.

तो निबंध वाचून बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरून पाहिली आणि त्यांनाही तेच दिसलं. १९५२ साली बाझलच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पीन वेगळं केलं आणि जगभर रक्तदाबाची गोळी म्हणून ते पोचलं. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पण गोष्ट तिथे संपत नाही. जसे वापरणारे वाढले तसं दिसू लागलं की रेसर्पीन घेणाऱ्या काही जणांना खोल नैराश्य येतं, नाक चोंदतं, पोटात आम्ल वाढतं. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि रेसर्पीन मागे पडलं. सर्पगंधेच्या गुणाची परीक्षा झाली तशी दोषाचीही झाली, आणि दोन्ही उघड्यावर झाल्या. डॉ. वकिलांच्या कामाची मोठी गोष्ट हीच की बोस्टनच्या डॉक्टरला ते पुन्हा करून पाहता येईल अशा रीतीने त्यांनी ते लिहून ठेवलं.

दवाखान्यातल्या त्या मावशी जी गोळी ‘इंग्रजी औषध’ म्हणून नाखुशीने घेतात, ती मेटफॉर्मिनचीच असण्याची शक्यता जास्त. मधुमेहात पहिल्यांदा सहसा तीच दिली जाते. तिचं कुळ पाहिलं तर तेही एका झुडपापर्यंत जातं. गॅलेगा ऑफिशिनॅलिस ही युरोपात उगवणारी, जांभळट फुलांची वनस्पती. तिच्यात ग्वानिडीन वर्गातली साखर उतरवणारी द्रव्यं सापडली. ती फार विषारी निघाली, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांची सौम्य भावंडं बनवू लागले. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन तयार केलं. पण ते रुग्णाला देऊन त्याचा अहवाल लिहिला तो पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी, १९५७ साली. तिचंच भावंड असलेली फेनफॉर्मिन ही गोळी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढवून जीव घेऊ लागली म्हणून १९७०च्या दशकात बऱ्याच देशांनी ती काढून टाकली. मेटफॉर्मिन मात्र टिकली, कारण हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून ती तपासली गेली. झुडूप ते गोळी या वाटेवर किती द्रव्यं गळाली आणि का गळाली, हे पाहिलं की ‘झाडपाल्याचं आहे, अपाय तरी होणार नाही’ या वाक्याला आधार उरत नाही.

सह्याद्रीतलं आणखी एक झाड या यादीत मानाने बसतं: बिबळा, संस्कृतात विजयसार. त्याच्या लाकडाचे पेले जत्रांत आणि प्रदर्शनांत विकायला असतात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं. सकाळी ते चहासारखं तांबूस होतं आणि उजेडात धरलं की त्यावर निळसर झाक मारते. ते पाणी मधुमेह्याने प्यायचं. आयसीएमआरने याची दखल घेऊन बिबळ्याच्या अर्काची नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णांवर चाचणी केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १२ आठवड्यांनी ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आली होती. त्यात तुलनेचा गट नव्हता, म्हणून पुढे टोल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलनाही केली गेली. सरकारी पैशाने, अनेक केंद्रांत, ठरवून केलेलं हे काम आहे. मात्र तिथे दिला होता मोजून-मापून केलेला अर्क. जत्रेतल्या पेल्यातून रोज किती द्रव्य उतरतं, पेला जुना झाल्यावर किती उतरतं, आणि ते लाकूड बिबळ्याचंच आहे का, याचा त्या आकड्यांशी काही संबंध नाही.

गुळवेलीची कथा सगळ्यात बोधक, म्हणून ती जरा सविस्तर. केईएमच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी वनौषधींच्या आधुनिक तपासणीची परंपराच उभी केली. तिथलं आयुर्वेद संशोधन केंद्र त्यांच्या पुढाकाराचं. झाडाफुलांवर मराठीत हळुवार लिहिणाऱ्या लेखिका म्हणूनही वाचक त्यांना ओळखतात. गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती वाढवते, हे त्यांच्या गटाने आधी प्राण्यांत दाखवलं. मग पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या ३० रुग्णांवर चाचणी केली. अशा रुग्णांत जंतुसंसर्ग पसरून मृत्यू होण्याचं भय मोठं असतं. गुळवेल दिलेल्या गटात संसर्ग कमी झाला आणि शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. हा निबंध १९९३ सालचा.

पुण्यात संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा आणि साळईचा डिंक यांपासून केलेली औषधं गुडघेदुखीवर तपासली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, दुहेरी अंध पद्धत. तुलना साखरगोळीशी नव्हे तर ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी. २०१३ साली ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात निकाल आला: वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक औषधं त्यांच्या तोडीस तोड. आपल्याकडच्या वनौषधी-संशोधनात इतकी काटेकोर चाचणी दुर्मीळ. त्याच निबंधात संशोधकांनी आणखी एक ओळ लिहिली: आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं दाखवणारं विकर, वाढलं होतं. त्यांना त्रास काही जाणवत नव्हता आणि औषध थांबवल्यावर आकडा पूर्ववत झाला. आपल्याच औषधाविरुद्ध जाणारी ही नोंद त्यांनी दडवली नाही.

त्या ओळीचं महत्त्व करोनाच्या वर्षी कळलं. २०२० मध्ये घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. कुंपणावरचे, आंब्या-कडुनिंबावर चढलेले वेल लोकांनी ओरबाडून नेले. महिनोन्‌महिने, कसल्याही मात्रेशिवाय काढा पोटात जात होता. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल यांच्याकडे काविळीचे असे सहा रुग्ण आले ज्यांच्यात दुसरं कारण सापडेना आणि गुळवेल मात्र प्रत्येकाच्या पोटात गेलेली. यकृताचं चित्र होतं स्वप्रतिकार आजाराचं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटल्याचं. २०२१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असेल, असं म्हटलं. आक्षेप रास्त होता आणि त्याला उत्तरही तसंच, संशोधनाने मिळालं. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अहवाल दिला.

डॉ. डहाणूकरांना ज्या गुणाने गुळवेलीकडे ओढलं तोच गुण इथे उलटल्याचं दिसतं. प्रतिकारशक्ती चेतवणारं द्रव्य संसर्गाशी झुंजणाऱ्या रुग्णाला हात देतं. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटायच्या बेतात आहे, थायरॉइडचा किंवा संधिवाताचा तसला आजार आहे, त्याला तेच द्रव्य महागात पडू शकतं. १९९३ चा निबंध आणि २०२१ चा निबंध एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही एकत्र वाचले तर गुळवेल कुणाला द्यावी आणि कुणाला देऊ नये, हे कळायला सुरुवात होते.

वनस्पतीच्या नावाखाली भलतंच काही पोटात जाण्याचा धोका वेगळाच. २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चिनी वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या पाच उत्पादनांबद्दल इशारा दिला होता. त्यांत ग्लायब्युराइड आणि मागे पडलेली फेनफॉर्मिन निघाली. अशी गोळी घेतली की साखर झपाट्याने उतरते, जाहिरात खरी ठरते. आणि डॉक्टरांची गोळी चालू असेल तर साखर इतकी खाली जाते की घाम फुटून, हात थरथरून माणूस बेशुद्ध पडतो. भारतात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. लोकलच्या डब्यातली पत्रकं पाहिली तर या कायद्याला सत्तर वर्षं झाली हे खरं वाटत नाही. दुसरीकडे, प्राचीन ग्रंथांत जसं सांगितलं तसंच बनवलेल्या औषधाला परवाना देताना रुग्णांवरची नवी चाचणी मागितली जात नाही. परवाना क्रमांक म्हणजे गुणाचा दाखला, असं पाकीट हातात घेणाऱ्याला वाटतं; तो तसा नसतो.

काही मार्ग मात्र कुणालाही खुले आहेत. कुठल्याही औषधाची भारतात चाचणी चालू असेल तर तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त करावी लागते. २००७ साली सुरू झालेल्या आणि २००९ पासून सक्तीच्या झालेल्या या नोंदवहीत वनौषधींच्या चाचण्याही असतात आणि ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापणाऱ्या कंपनीला आपला नोंदणी क्रमांक सांगायला काहीच अडचण नसावी. दवाखान्यात जाताना पुडीचं पाकीट, काढ्याची बाटली, सगळं पिशवीत घालून न्यावं. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात कर्जत-मुरबाडपासूनचे रुग्ण येतात. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या थोड्या मिनिटांत तोंडी वर्णनापेक्षा पाकीट दाखवणं सोपं पडतं. पूड सुरू करताना आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन आणि यकृतासाठी एसजीपीटी तपासून घ्यावं, आणि या काळात गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये.

अपाय झाल्यासारखा वाटला तर तो सरकारी यंत्रणेकडे कळवताही येतो. २०१० साली सुरू झालेला भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम आता गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो, आणि त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे तर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. आयुष औषधांसाठीही अशाच दक्षता केंद्रांची साखळी आहे. तिथे विचारतात ते साधंच असतं: काय घेतलं, किती घेतलं, कधीपासून, सोबत दुसरी कुठली औषधं चालू होती, आणि त्रास कुठल्या दिवशी सुरू झाला.